उसनी खिडकी

९ मे, रविवार

ठमीच्या आईस,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला काय म्हणून लिहावं हे ठरवण्यातच दोन कागद फुकट गेले. नावाने हाक मारावी एवढी आपली ओळख नाही आणि ‘ताई’ म्हणावं तर घशाशी अडकतं. ठमी मला मावशी म्हणते, म्हणजे तिच्या लेखी आपण दोघी बहिणी. पोरीने परस्पर नातं जुळवून टाकलं, आपल्याला कुणी विचारलंच नाही. म्हणून आपलं ‘ठमीची आई’. यात खोटं काही नाही.

ठमी मजेत आहे. आली तेव्हा थोडा खोकला होता, तो गेला. जेवते नीट, फक्त भाजी ताटाच्या कडेला सारून ठेवते, ते तुम्हाला माहीतच आहे. मागच्या सुट्टीत मी तिला शिवलेला झगा आता गुडघ्याच्या वर चढलाय. चौदाव्या वर्षी मुली अशा वाढतात की टेप लावेपर्यंत माप बदललेलं असतं. नवीन शिवायला घेतलाय. मी कारखान्यात शाळांच्या गणवेशांचं कापड बेतते हे तिने सांगितलं असेलच. शिवणाऱ्या दुसऱ्या, मी फक्त बेतणारी.

घराचं काम चालू आहे. तेही तिने सांगितलं असेल. ती संध्याकाळी फोनवर तुमच्याशी काय बोलते ते मी मुद्दाम ऐकत नाही, पण भाड्याच्या घराच्या भिंती पातळ असतात. भिंती आता खिडक्यांच्या वर आल्यात. पुढच्या महिन्यात स्लॅब पडेल असं मुकादम म्हणतो, म्हणजे त्याच्या पुढच्या महिन्यात धरायचं.

ठमीच्या बाबांना तुमच्यासमोर काय म्हणावं हाही एक प्रश्नच. मी आपलं ‘हे’ म्हणते. तुम्ही त्यांना अरे-तुरे करता. माझी जीभ चार वर्षांत ‘अहो’वरून हलली नाही. एकदा ‘अरे’ म्हणून पाहणार होते, पण कुणाच्या तरी कपाटातली साडी न विचारता नेसल्यासारखं वाटलं.

हे सगळं बाजूला ठेवते. मुद्द्याचं लिहिते.

जागा घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी हे कागद-पेन्सिल घेऊन बसले. चष्म्याच्या दुकानातला माणूस, काचेच्या नंबरापलीकडे कधी काही लिहीत नाही, पण त्या दिवशी पट्टीसुद्धा घेतली. मला म्हणाले, “सांग, तुला कसं घर हवं?”

मी म्हटलं, “तुम्ही ठरवा.”

बायका हे लाडात म्हणतात, तसं मी म्हटलं नव्हतं. मला खरंच काही सुचलं नाही. माहेरी आम्ही सात जण दोन खोल्यांत राहायचो. माझ्या स्वप्नातल्या घरात एवढंच होतं, की न्हाणीघराबाहेर टॉवेल घेऊन कुणी उभं नाही. बाकी भिंती, दारं काही दिसायचंच नाही.

मग ह्यांनी काढायला सुरुवात केली आणि पेन्सिल थांबेचना. “आत आलं की उजवीकडे जिना. जिन्याच्या पायथ्याशी खिडकी, गुडघ्याएवढ्या उंचीवर. खिडकीला लागून बसायचा कट्टा. सकाळी इथं ऊन येतं.”

“येतं?” मी विचारलं.

“येईल,” हे म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या मनात पाल चुकचुकत राहिली. मग एकेक कळत गेलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ह्यांनी ओट्याची उंची खडूने आखली, तिथे जाऊन उभी राहिले तर खूण माझ्या छातीपाशी. तुम्ही उंच आहात हे मला त्या खुणेवरून समजलं. त्याआधी मी तुम्हाला फक्त ठमीच्या फोनमधल्या फोटोत पाहिलं होतं, खुर्चीत बसलेलं. कपाटाची जागा, जिन्याचं वळण, मागचं दार, कुठलीही गोष्ट विचारली की ह्यांच्याकडे उत्तर तयार. घर बांधताना माणसं अडतात, भांडतात, खोडतात. हे एकदाही अडले नाहीत. पाठ असलेला धडा म्हणून दाखवावा तसं चाललं होतं.

यात ह्यांचा वाईट हेतू नाही, हे मलाही समजतं. पण समजून काय होतं? रोज संध्याकाळी बांधकामावर चक्कर मारायची आणि तुमच्या घराच्या भिंती वर चढताना बघायच्या. वर माझ्याच हाताने पाणी मारायचं.

आता लिहायला घेतलंच आहे तर हेही लिहिते. मी तुमचं जुनं घर बघून आले.

ते घर तुम्ही दोघांनी एका दातांच्या डॉक्टरांना विकलं, त्यांनी पुढच्या खोलीत दवाखाना काढला, हे मला ठाऊक होतं. मी कारखान्यातून अर्धी रजा टाकली, बस पकडली आणि दाढ दुखते म्हणून नाव सांगितलं. दवाखान्यातली मुलगी म्हणाली, “बसा तिकडे कट्ट्यावर.” तोच कट्टा. जिना, खिडकी, सगळं तिथेच. कट्ट्यावर एक गाल सुजलेले गृहस्थ बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली.

मी नावं ठेवायला गेले होते. म्हटलं, काहीतरी दिसेलच, ओल, तडा, अंधार. मनात तयारी करून गेले होते, घरी येऊन ह्यांना सहज सांगेन, की बाई, काय ती खिडकी! पण बसले, आणि पाठीवर ऊन आलं. बाहेर फाटकापासून दारापर्यंतची वाट सगळी दिसत होती. येणारा माणूस पावलापावलावर दिसावा, अशी जागा. मला ती आवडली. इतकी आवडली की डोळे भरून आले. ती मुलगी धावत आली, “फार दुखतंय का?” मी मान हलवली. दुखत होतं पोटात आणि दाखवायला गेले होते दात.

डॉक्टरांना कीड सापडली. खोटं सांगायला गेले आणि दाढ भरून आले. हे सगळं ह्यांना सांगितलेलं नाही. दाढेचं सांगितलं, कुठल्या दवाखान्यात ते नाही.

तुम्ही नकाशे काढायचं काम करता, ते घर तुम्हीच काढलंत. तुम्हाला कुणी विचारलं असतं, कसं घर हवं, तर तुम्ही ‘तुम्ही ठरवा’ म्हणाला नसतात. मला राग त्याचाच आहे. ह्यांनी तुम्हाला विसरावं असं माझं म्हणणं नाही. ठमी समोर असताना तुम्हाला विसरणार कसे? पण तुम्हाला काय हवं ते माहीत होतं आणि मला माहीत नाही, म्हणून माझ्या घरात तुमचं हवं-नको बांधलं जातंय.

मागच्या आठवड्यात हे चष्म्याच्या फ्रेम आणायला बाहेरगावी गेले होते. मी कामावर गेले आणि गवंड्याला म्हटलं, “ही खिडकी बुजवा. साहेबांनीच सांगितलंय.” तो म्हणाला, “बाई, उजेडाची बाजू आहे.” मी म्हटलं, “बुजवा.” दुपारपर्यंत भिंत सपाट झाली. मी समोर उभी राहून शेवटची वीट बसेपर्यंत बघत होते. कुणी पंचपक्वान्नं वाढली असती तरी एवढं समाधान झालं नसतं.

हे परत आले, पाहिलं, आधी हसले. त्यांना वाटलं गवंड्याने गोंधळ घातला. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसू गेलं.

“राहू दे,” एवढंच म्हणाले.

तेव्हापासून कागद घडी करून ठेवलाय. बोलतात, जेवतात, दुकानात जातात. पण घराबद्दल काही विचारलं की, “राहू दे, मग बघू.” ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि मोकळी झाले असते. ह्यांच्या ‘राहू दे’शी भांडता येत नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. ती खिडकी कुणाची? तुम्ही मागितली होती, की ह्यांनी हौसेने तुमच्यासाठी करवून घेतली? माझ्यासाठी कुणी खिडकी केली नाही, हे मी सोसेन. पण तुमच्यासाठी केलेली, तुमच्यामागे उरली म्हणून मला मिळतेय, हे नाही सोसवणार.

महिनाअखेरीला तुम्ही ठमीला न्यायला येणार आहात. दर वेळी स्टेशनवरूनच परत जाता. या वेळी बांधकामावर या. तुमचं घर मी पाहिलं, तुम्ही माझं बघा.

या पत्राचं घरात कुणालाच माहीत नाही. ठमीलाही सांगू नका.

आपली,
ठमीची मावशी


२ जून, बुधवार

ठमीच्या आईस,
सप्रेम नमस्कार.

पोचल्याचा फोन मिळाला. ठमीची निळी ओढणी इथेच राहिली आहे, उद्या पोस्टाने पाठवते. झगा अंगात नीट बसतो ना? काखेत घट्ट वाटला तर आत शिवणीत माया ठेवली आहे, उसवून घ्या.

तुम्ही पत्राचा उल्लेख कुणापुढे केला नाहीत, त्याबद्दल आधी आभार मानते. आणि आता तुम्ही गेल्यानंतर काय झालं ते सांगते. पण त्याआधी तुम्ही असताना मी काय पाहिलं ते सांगायला हवं, कारण आपण चौघं एकाच ठिकाणी उभे होतो तरी माझं बघणं निराळं होतं.

त्या दिवशी सकाळपासून मी तीन पोशाख बदलले आणि शेवटी पहिलाच घातला. तुम्ही रिक्षातून उतरलात. उंच, त्या खुणेवरून वाटलं होतं तेवढ्याच उंच. कमरेला पाठदुखीचा पट्टा होता. मला बरं वाटलं, म्हटलं, चला, काहीतरी खोट निघाली. मग तुम्ही पिशवी उचलायला वाकलात आणि कळवळलात, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धावत येऊन पिशवी घेतली, ती आदराने नाही, शरमेने.

तुम्ही आत शिरलात आणि न बघता उजवीकडे वळलात. तुम्हाला ते जाणवलंही नसेल. माणूस आपल्या घरातच असा वळतो.  चार पावलं टाकलीत आणि बुजवलेल्या भिंतीपुढे थांबलात. मग वळून सगळीकडे पाहिलंत आणि मोठ्याने हसलात.

“अरे, हे तर माझंच घर! माझ्या चुकांसकट उचललंस की रे. त्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावायला लागायचा, विसरलास?”

ह्यांचे कान लाल झाले. म्हणाले, “मला दुसरं घर येत नाही.”

एखाद्याने दुसरी भाषा येत नाही म्हणावं, तसं म्हणाले.

मग तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि ह्यांना विचारलंत, “पण या खिडकीचा एवढा हट्ट का? ती मी उरलेल्या जागेत काढली होती. तिथे आणखी काही बसत नव्हतं म्हणून.”

माझ्या पत्राचं उत्तर मला मिळालं. वर्षभर मी जिच्यावर जळत होते, ती तुमची उरलीसुरली जागा होती. खूश व्हायला हवं होतं. पण हे बोलायला लागले.

“तिथे ठमी बसायची,” हे म्हणाले. “मी दुकानातून यायचो तेव्हा काचेला नाक लावून बसलेली असायची. फाटकातूनच दिसायची. मला वाटलं, खिडकी असली की...”

 ठमी विटांच्या ढिगावर बसून फोन बघत होती. तिने मान वर केली आणि भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशा आवाजात म्हणाली, “बाबा, मी तुमची वाट नव्हते बघत.”

“मग?”

“तुमचा चेहरा बघायचे. फाटक ते दार. त्यावरून कळायचं आज तुमचं दोघांचं भांडण होणार की नाही. होणार असलं की मी आधीच वर जाऊन दार लावून घ्यायचे.”

मागे कुणीतरी भिंतीवर पाणी मारत होतं, तेवढाच आवाज. तुम्ही ह्यांच्या खांद्यावर हात ठेवलात आणि लगेच काढून घेतलात. हे नुसते त्या विटांकडे बघत राहिले. ठमी पुन्हा फोनमध्ये गेली, पण तिचा अंगठा हलत नव्हता.

तुम्ही तिघं असे उभे होतात आणि मी सिमेंटच्या पोत्यांपाशी. मला काय वाटलं सांगू? दया यायला हवी होती, पोरीची आणि तुम्हा दोघांचीही. ती आली, पण नंतर. आधी हेवा आला. तुमच्या भांडणांचा हेवा. एक लहान मूल खिडकीत बसून ज्यांचा अंदाज घ्यायचं, एवढी ती भांडणं खरी होती. माझ्याशी हे कधीच भांडले नाहीत. चार वर्षं मला ‘राहू दे’ मिळालं आणि मी त्याला संसार म्हणत आले. असलं काही कुणाच्या मनात येतं का? माझ्या आलं. लिहून टाकते, म्हणजे आतल्या आत कुजणार नाही.

तुम्हाला आम्ही स्टेशनवर सोडून आलो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. दहाच्या सुमाराला मुकादमाचा मला कारखान्यात फोन, “बाई, साहेब कधीचे येऊन उभे आहेत. काही बोलत नाहीत, आम्हाला कामही सुचत नाही.”

मी गेले. हे त्याच भिंतीसमोर उभे. मी म्हटलं, “फोडायची असेल तर फोडा.”

“राहू दे.”

“नाही राहू द्यायचं! अरे, भांड की माझ्याशी एकदा!”

ते ‘अरे’ कुठून आलं मला ठाऊक नाही. गवंडी, बिगारी, सगळे हातातलं टाकून आमच्याकडे बघायला लागले. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी आत्ताच फाटकातून आले.

आणि मग हे भांडले. बाई गं, काय भांडले! “मी पहिल्या दिवशी तुला विचारलं नव्हतं? काय म्हणालीस? तुम्ही ठरवा! मला एकच घर ठाऊक होतं, ते मी दिलं. तुला कधी काही नकोच असतं. सिनेमा कुठला, तुम्ही ठरवा. भाजी कुठली, तुम्ही ठरवा. आणि ठरवलं की तुझं तोंड एवढंसं! गवंड्याला माझ्या नावाने खोटं सांगितलंस, मला सांगायला काय झालं होतं?”

“काय सांगणार होते? तुमची पहिली बायको माझ्या ओट्यापाशी उभी आहे म्हणून?”

“सांगायचं होतंस! मी ओटा खाली घेतला असता!”

शेवटी मुकादमाने मध्ये पडून चहा मागवला. आम्ही दोघांनी दोन टोकांना बसून घेतला. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट तापातून उठल्यावर भूक लागते तसं झालं. हे जे बोलले ते सगळं मला लागलं, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. मी ‘तुम्ही ठरवा’ म्हणते ते चांगुलपणाने नाही. ठरवलं आणि चुकलं तर आपल्या माथी येतं, म्हणून. दुसऱ्याने ठरवलं की नाक मुरडायला आपण मोकळे.

चहा संपवून मी उठले आणि पुढच्या खोलीत जाऊन उभी राहिले. सगळ्यात मोठी खोली, नकाशात बैठकीची. बराच वेळ उभी होते. हे दारात आले. मी म्हटलं, “इथे मला टेबल हवंय.”

“कसलं टेबल?”

“बेतायचं. कारखान्यात आहे तेवढं लांब. चारी बाजूंनी फिरता येईल असं, मधोमध. गणवेश बेतून हात आंबले. मला स्वतःची गिऱ्हाइकं करायचीत.”

“मग पाहुणे आले तर बसतील कुठे?”

“टेबलाभोवती बसतील. नाहीतर उभे राहतील. मी कामात असेन.”

हे हसले. मग विचारलं, “आणि उजेड?”

इथे मात्र मी अडले. उजेड कुठून हवा, डावीकडून की समोरून, कापडावर हाताची सावली पडू नये म्हणून खिडकी किती वर हवी, याचा मी कधी विचारच केला नव्हता, आणि तरी सगळं मला ठाऊक होतं. मी बोलत गेले, हे लिहीत गेले. मध्येच म्हणाले, “हे नाही जमणार, इथे खांब आहे.” मी म्हटलं, “मग खांबाचं काय करायचं ते सांगा.” दुपारचं जेवण तिथेच झालं, वाळूच्या ढिगावर बसून.

जिना आता डावीकडे जातोय. मुकादमाने कपाळाला हात लावला, पण स्लॅब पडायची होती म्हणून निभावलं. बुजवलेली खिडकी तशीच बुजलेली राहील. ह्यांनीच तसं सांगितलं, मी नाही. सांगताना आवाज चिरकला, मी ऐकलं नसल्यासारखं केलं.

ठमीची खोली वर आहे. तिला काय हवं ते ह्यांनी काल फोन करून स्वतः विचारलं. म्हणाली, “काहीही चालेल.” हे फोन ठेवत होते, मी हातातून घेतला आणि म्हटलं, “ठमे, काहीही चालेल असं म्हणायचं नाही. मी म्हणून बघितलंय. विचार करून सांग, आठवडा घे.” आज सकाळी तिचा निरोप आलाय. भिंत पिवळी हवी, आणि पुढच्या सुट्टीपासून एक मांजर. मांजराचं तुम्ही बघा, तुमच्या परवानगीशिवाय मी हो म्हणणार नाही.

आता शेवटचं. गाडी सुटताना तुम्ही खिडकीतून माझा हात धरलात आणि म्हणालात, “काही अडलं तर सांगा, मी नकाशा काढून देईन.” मनापासून म्हणालात. म्हणूनच लिहिते की नको. तुम्ही काढलंत तर चांगलंच होईल, आणि दुखणं तेच आहे. माझं टेबल कदाचित दाराला अडेल. एखादी खिडकी भलत्याच बाजूला जाईल. पावसाचं पाणी आत येईल. ते पुसायला मी आहे.

घर झालं की ओळखीच्या सगळ्यांना बोलावणार आहोत. तुम्हाला इतक्यात बोलावणार नाही. राग मानू नका. तुम्ही आत पाऊल टाकाल आणि कुठे काय चुकलंय ते एका नजरेत तुम्हाला दिसेल. तुम्ही स्वभावाने चांगल्या, त्यामुळे बोलणार नाही, आणि ते न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागेल. मला एक वर्ष माझ्या चुकांबरोबर राहू द्या. त्या माझ्या अंगवळणी पडल्या, की मी स्वतः तुम्हाला पत्र लिहीन. मग या. ठमीला सोडायला म्हणून दारापर्यंत नाही, चार दिवस राहायला या. आणि तेव्हा काय चुकलंय ते तोंडावर सांगा, मी भांडेन.

तुम्ही मला आवडलात. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

कळावे. लोभ असू द्या, पण तूर्त लांबूनच.

तुमचा हेवा करणारी,
मी